वेबसाईटचं गाऱ्हाणं

गेली सात वर्षं गणपतीला गावी जाताना दौलत परबाच्या कुटुंबाला बसची शेवटचीच सीट मिळत होती, आणि यामागे मोठं कारस्थान आहे याबद्दल दौलतच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मौजे कुडतरखोल ग्रामस्थ मंडळ, मुंबई, यांच्या काळाचौकीतल्या खोलीसमोरून चतुर्थीच्या दोन दिवस आधी एक बस सुटते. पंचेचाळीस सीटा. कुणी कुठे बसायचं ते मंडळाचे अध्यक्ष अप्पा तावडे आपल्या लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहितात, आणि अप्पांनी लिहिलं की लिहिलं. कोकणचा रस्ता, बारा-चौदा तासांचा प्रवास आणि त्यात मागची सीट! गेल्या साली दौलतच्या आईची, शांताची, पाठ अशी धरली की गणपतीचे पाचही दिवस तिने भिंतीला टेकून काढले. परत आल्यावर ती म्हणाली, "झिला, पुढल्या वर्षाक मी येवचंय नाय. तुमी जावा."

हे मात्र दौलतच्या जिव्हारी लागलं. आईशिवाय गावचा गणपती? मग आरतीचा पहिला सूर कोण धरणार, नि मोदकाच्या कळ्या मोजून सुनांची तोंडं कोण उतरवणार? काही झालं तरी यंदा आईला पहिली सीट मिळवून द्यायचीच, असं दौलतने मनाशी पक्कं केलं.

दौलत लोअर परळच्या एका कंपनीत वेबसाईट बांधायचं काम करतो. हुशार माणूस, पण एक खोड आहे. कुठलीही गोष्ट निवडायची म्हटली की तो तक्ता करायला घेतो. घरात मिक्सर घ्यायचा होता तेव्हा त्याने अकरा मिक्सरांचा तक्ता केला. तक्ता पुरा होईस्तोवर त्यातले दोन मिक्सर बाजारातून गेले होते नि त्याची बायको सुरुची पाट्यावर वाटण वाटून वाटून दंडाने पैलवान झाली होती. "आपलं लग्न ठरलं तेव्हाही तक्ता होता का, हे मी अजून विचारलेलं नाही," असं ती कधीकधी पाहुण्यांना सांगते. दौलत हसतो, पण नाही म्हणत नाही.

तर जूनच्या पहिल्या रविवारी मंडळाच्या सभेत दौलत उभा राहिला. "यंदा बसचं बुकिंग वेबसाईटवर घेऊ. ज्याने आधी बटण दाबलं त्याची सीट. वशिला नाही, मर्जी नाही."

शेवटचे दोन शब्द त्याने अप्पांकडे बघून म्हटले. आता अप्पा भडकणार म्हणून सगळे सरसावून बसले. पंच्याहत्तरी ओलांडलेले अप्पा, गिरणीत साचेखात्यात होते, आवाज अजून साच्यांच्या खडखडाटाच्या वर जाईल असा. पण अप्पांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "कर बाबा. माजे डोळे पण आता जातत."

अप्पा इतक्या सहज तयार झाले म्हणजे यात नक्की काहीतरी डाव असणार, असं दौलतला वाटलं. त्याने लगेच दुसरी सूचना मांडली. "एकदा पडलेली सीट बदलायची नाही. कुणाच्याही सांगण्यावरून नाही. अध्यक्षांच्याही नाही."

"घाल," अप्पा म्हणाले. ठराव मंजूर झाला. बुकिंग ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला. दोन महिने हातात होते. खरं सांगायचं तर हे काम तीन संध्याकाळचं होतं.

"कशात बनवणार पण?" मागून आवाज आला. हा राहुल गावडे, समोरच्या चाळीतला, हाही याच धंद्यातला.

"रिॲक्टमध्ये," दौलत म्हणाला.

"काय सांगतोस! एका बससाठी रिॲक्ट? अरे व्ह्यूमध्ये कर ना राव. हलकंफुलकं."

आता हे काय ते तुम्हाआम्हाला कळण्यापुरतं सांगतो. वेबसाईट हे घर धरलं तर रिॲक्ट, व्ह्यू हे बाजारात तयार मिळणारे सांगाडे. कुठलाही घ्या, घर उभं राहतं, आत माणसं सुखाने राहतात. पण दोन वेगळ्या सांगाड्यांचे दोन कारागीर एका खोलीत आले की संपलं. दौलत आणि राहुल त्या दिवशी दीड तास भांडले. सभेला एक अक्षर कळलं नाही, पण भांडण रंगलंय एवढं कळलं, आणि तेवढं पुरे होतं.

पंधरवड्यात मंडळात सरळ दोन तट पडले. दौलतच्या चाळीतले सगळे रिॲक्टचे, राहुलच्या चाळीतले सगळे व्ह्यूचे. राहुलचे वडील आनंदाकाका, ज्यांनी जन्मात मोबाईलवर हिरवं आणि लाल सोडून तिसरं बटण दाबलेलं नाही, तेसुद्धा काठी टेकत टेकत जिन्यात लोकांना अडवून सांगायला लागले, "व्ह्यूच बरा. रिॲक्ट जड पडता." नळावर दोन बायकांचं वाजलं. एकीने दुसरीला "तुमची रिॲक्टवाल्यांची खोडच ती" असं ऐकवलं, आणि दोघी चार दिवस बोलत नव्हत्या.

दौलत घरी तक्ता करत बसला. सव्वीस रकाने झाले. जून संपला.

"एक अक्षर तरी लिहिलंस का?" सुरुचीने विचारलं.

"अगं, आधी पाया ठरायला नको?"

"ठरव हं. आईंची पाठ थांबलीच आहे."

शेवटी अप्पांनीच तोडगा काढला. "देवाक इचारूया. कौल जो येतलो तो दोघांनी मानूचो. मगे तोंडातसून शबूद काढूचो नाय."

त्या रविवारी मंडळाच्या खोलीत ग्रामदेवतेच्या तसबिरीपुढे समई लागली. वाटीत चिठ्ठ्या टाकायच्या होत्या. दोनच चिठ्ठ्या म्हणजे उघडउघड कुस्ती दिसेल, म्हणून दौलतने तिसऱ्या चिठ्ठीवर 'स्वेल्ट' असं लिहिलं. हाही एक सांगाडा. दौलतने त्याचं नाव तेवढं ऐकलं होतं. अप्पांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खोली दणाणली.

"आज ही तुजी लेकरा हयसर जमली हत, ती वेबसाईट करूक बसली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंका कायएक उमगणा नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" राहुल आणि दौलतही ओरडले, आणि ओरडल्यावर एकमेकांकडे बघायला लागले.

"तर खयचो सांगाडो घेवचो तो तू सांग. कोणी वायट-वाकडा केल्यान असात, कोणी वायरस धाडल्यान असात, तर तो थयच्या थय आडव, आणि हेंची वेबसाईट चतुर्थेच्या आधी उभी ऱ्हवांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अप्पांनी डोळे मिटूनच वाटीत हात घातला. चिठ्ठी उघडून लांब धरली, जवळ धरली. "स्वेल्ट."

दोन्ही तटांचा हिरमोड झाला होता, त्यामुळे न्याय झाला यावर सगळ्यांचं एकमत झालं. खोबरं-साखर वाटली. तिसरी चिठ्ठी टाकणारा दौलत मात्र भिंतीला टेकून उभा होता. देवाचा कौल. आता बदलायचं नाव नाही. नवा सांगाडा मुळापासून शिकणं आलं.

इथून पुढे मंडळाला या गोष्टीची चटकच लागली. भांडण नको म्हणून प्रत्येक निवड देवापुढे व्हायला लागली. सीटा दाखवायला रंग कुठला? गाऱ्हाणं. नोंदी साठवायला कुठली पेटी? गाऱ्हाणं. वेबसाईट ठेवायची कुठे, म्हणजे कुणाच्या संगणकावर भाड्याने? गाऱ्हाणं, आणि या खेपेला दोन नारळ, कारण संगणक परदेशात होता. एरवी सभेला नऊ माणसं येत. आता साठ यायला लागली, आणि खोबऱ्यावरून बाचाबाची व्हायला लागली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात दौलतने प्रगती दाखवायला लॅपटॉप आणला. पडद्यावर पांढरं पान होतं आणि त्यावर एकच ओळ: 'नमस्कार.'

"बस खय?" अप्पांनी विचारलं.

"बस यायचीय अजून. ही मांडणी झाली. हे बघा ना, सहाशे बारा पॅकेजं घेतली आत."

"म्हंजे काय ता?"

"म्हणजे दुसऱ्या लोकांनी लिहिलेले तयार तुकडे. एकेक तुकडा एकेक काम करतो."

"सहाशे बारा परकी माणसा?" अप्पा ताठ बसले. "ओळख नाय, पाळख नाय, आणि मंडळात घेतलंस? घटना वाचलंस? बाहेरचो कोण घेवचो तर सभेत नाव वाचूक व्हया."

"अप्पा, ती माणसं नाहीत. कोड आहे."

"लिवला कोणी? माणसानीच ना? वाच."

दौलतने सभेकडे बघितलं. साठ माणसं खोबऱ्याची वाट बघत शांत बसली होती. त्याने वाचायला सुरुवात केली. सेक्रेटरी आकांक्षा सावंत एकेक नाव इतिवृत्तात लिहून घेत होती. कोणी हरकत घेतली की दौलतला ते पॅकेज काय करतं ते उठून सांगावं लागत होतं. दीडशेव्या नावाच्या आसपास अप्पांनी हात वर केला.

"ह्यो काय करता?"

"हा... आकडा विषम आहे का ते सांगतो."

"आणि?"

"एवढंच."

"तीन विषम, पाच विषम, ह्या सांगूक वेगळो माणूस?"

"हो. आणि सम ओळखणारा दुसरा आहे, पण तो याला विचारूनच सांगतो."

अप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच ओळखीचं हसू आलं. "आमच्या खात्यात असोच एक होतो. मॅनेजराचो भाचो. ऱ्हवांदे, ऱ्हवांदे. अशी लागतत."

सहाशे बारा नावं वाचायला दोन रविवार गेले. दुसऱ्या रविवारी दौलतचा घसा बसला आणि शेवटची नव्वद सुरुचीने वाचली. तिने ती इतक्या गोड आवाजात वाचली की मागच्या बाकावरून कुणीतरी "पुन्हा एकदा" म्हणालं.

आता हातात सहा दिवस उरले, आणि बस अजून आलेली नव्हती. पण संकटात माणूस कामाला लागतो. दौलतने कचेरीतून रजा काढली, तक्ता मिटला आणि खरोखरच तीन संध्याकाळी बस उभी केली. सुंदर दिसत होती. हिरव्या सीटा रिकाम्या, लाल भरलेल्या. एका घराला एकच नोंद, म्हणजे कुणी दोनदा घुसायला नको. सीट बदलायचं बटणच ठेवलं नाही. ठराव म्हणजे ठराव. सगळ्या रांगा चार-चार सीटांच्या, फक्त शेवटची पाचांची, म्हणून ती नीट चालते का हे त्याने आपलंच नाव घालून तपासलं. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. सीटा लगेच लाल झाल्या. "झकास!" म्हणत त्याने लॅपटॉप मिटला आणि आईला हाक मारली.

"आई, यंदा तू पहिल्या सीटवर. माझा शब्द."

शांता भाकरी थापत होती. तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, लेकाचा फुललेला चेहरा बघितला आणि भाकरी परतली. "बरा हा," ती म्हणाली.

रविवारी पावणेदहाला मंडळाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अप्पांनी शेवटचं गाऱ्हाणं घातलं. जो तो मोबाईल सरसावून बसला. घड्याळात दहा वाजले आणि दौलतने वेबसाईट उघडली. सगळ्यांआधी त्याचंच बोट पडलं, थेट पहिल्या सीटवर. शांता परब, असं लिहिलं, बटण दाबलं.

पडद्यावर लाल चौकट आली. दौलतनेच हौसेने लिहिलेली: 'आपल्या घराची नोंद आधीच झाली आहे. आसन ४१, ४२, ४३. बदल होणार नाही. व्हय म्हाराजा.'

दौलतने पुन्हा दाबलं. व्हय म्हाराजा. पुन्हा दाबलं. व्हय म्हाराजा.

"झालं काय?" सुरुची कुजबुजली.

"टेस्टिंगची नावं काढायची राहिली," दौलत म्हणाला. "थांब, डेटाबेसमधून काढतो."

"दौलत!" राहुलचं लक्ष होतंच. "नोंदीला हात लावलास तर ठराव मोडला हं. तुझाच ठराव, भावा."

ठराव तर दूरच. तोवर सगळीकडे सीटा टपाटप लाल होत होत्या. पहिली सीट आनंदाकाकांच्या नावावर पडली. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना कोण उठवणार? चार मिनिटांत बस भरली. वेबसाईट एकदाही अडली नाही. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला, राहुलनेसुद्धा टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांत दौलत दोन्ही हातांत डोकं धरून बसला. आईला तोंड कसं दाखवायचं? लेकाने स्वतःच्या हाताने तिला पुन्हा शेवटच्या बाकावर बसवलं होतं.

गर्दी पांगल्यावर अप्पा उठले. त्यांनी ट्रंक उघडली, लाल वही काढली आणि दौलतच्या मांडीवर ठेवली. "वाच."

यंदाचं पान होतं. वर मे महिन्यातली तारीख. खाली एकच नाव, वळणदार अक्षरात: '१. शांता परब. पाठ दुखता. फुडे बसवचा.'

"तुजी आये मे म्हयन्यात हय इल्ली, तेवाच माका सांगून गेली. 'जमला तर येतंय, पण जाग्याचा बगा' म्हणान. मी लिवलंय. पयला नाव."

दौलतने मागची पानं उलटली. सात वर्षं, सात पानं. दरवर्षी परब सगळ्यांत शेवटी, आणि पुढे तारीख: बस सुटायच्या आदल्या आठवड्याची. दोन ठिकाणी अप्पांनी कंसात लिहिलं होतं, 'ट्रेनचा बगता हा. वाट बगूक सांगल्यान.'

"माज्या वहीत मर्जी नाय रे," अप्पा म्हणाले. "जो येता तसो लिवतंय. तूच दर वर्षा येतंस शेवटाक. आधी ट्रेन, मगे गाडी, मगे तक्तो. मी तुज्यासाठी ती मागची सीट राखून ठेय होतंय, नायतर तीव मिळाची नाय."

दौलतने सातही तारखांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं आणि वही मिटून अप्पांना दिली. घरी जाऊन त्याने आईला एवढंच विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तू येवढ्या हौसेन माज्यासाठी करत होतंस," शांता म्हणाली. "मी मोडतो कित्याक घालू? आणि मागच्या सीटचा काय ता, उशी घेतंय."

चतुर्थीच्या दोन दिवस आधी, भर दुपारी बस लागली. परब मंडळी मुकाट्याने मागे निघाली. शांताने बगलेत दोन उश्या घेतल्या होत्या. पायरीवरच अप्पांनी तिला अडवलं. ड्रायव्हरच्या बाजूला केबिनमध्ये एक गादीची सीट असते. तिला नंबर नसतो, ती वेबसाईटवर नसते आणि गेली तीस वर्षं तिच्यावर अप्पा बसतात.

"शांते, हय बस."

"आणि तुमी?"

"पंचेचाळीस नंबर मी त्याच दिवशी माज्या नावार घेतलंय. ठरावात केबिनीचो शबूदच नाय."

शांता केबिनमध्ये बसली, उश्या तिने अप्पांच्या हातात दिल्या आणि पुढचा मोठा थोरला रस्ता बघून लहान मुलीसारखी हसली. मागून दौलतने ते हसू बघितलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

शीवच्या अलीकडे पहिला गतिरोधक आला. अप्पा सीटवरून वीतभर उडाले. "आवशीचो घो!" ते खाली येता येता म्हणाले. दुसऱ्याला त्यांनी एक उशी खाली घेतली, तिसऱ्याला दुसरी. पनवेल मागे पडेस्तोवर त्यांची टोपी दोनदा पुढच्या रांगेत जाऊन आली होती. दौलतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अप्पा, माफ करा. पुढच्या वर्षी वेबसाईट नको. तुमची वहीच बरी."

"वेबसाईट बरी हा," अप्पा दांडा घट्ट धरून म्हणाले. "नाव वेळार सांगूक व्हया, येवढाच." त्यांनी सदऱ्यात हात घालून लाल वही काढली, नवं पान उघडलं, पेनाचं टोपण दातांनी काढलं. "आताच लिवतंय. पुढल्या वर्षाची चतुर्थी. पयला नाव, दौलत परब. तीन सीटा, पुढच्या. सांग, घालू?"

दौलतने केबिनमधल्या आईच्या पाठीकडे बघितलं. मग सुरुचीकडे बघितलं. सुरुचीने डोळे वटारून जोरजोरात मान हलवली. घाल म्हण, घाल म्हण.

"घाला ना अप्पा," दौलत म्हणाला. "म्हणजे... दोन दिवस द्या फक्त. गावाहून परत आलो की सांगतो. पुढच्या वर्षी एक नवी गाडी सुरू होतेय म्हणे, तिचं एकदा बघतो."

अप्पांनी टोपण लावलं, वही सदऱ्यात ठेवली आणि समोरून येणाऱ्या खड्ड्यासाठी दांडा धरला.